लाव्हाच्या कातळावरची व्हॅनिला

२००४ च्या पावसाळ्यात मी कुडाळजवळच्या आमच्या वाडीत पोफळींवर व्हॅनिलाच्या साठ वेली चढवल्या. मादागास्करला चक्रीवादळाचा तडाखा बसल्यापासून व्हॅनिलाचे भाव चढत गेले होते, केरळ-कर्नाटकातून रोपे येत होती आणि बाजारात भेटेल तो बागायतदार किलोचा दर सांगत होता. माझ्या वेलींना चौथ्या वर्षी फुले आली. पण शेंगा बोटांवर मोजण्याइतक्या धरल्या, आणि तोवर भावही कोसळून गेले होते. मुळे कुजून वेली एकेक करून मेल्या. उरलेल्या सात मी स्वतःच उपटून टाकल्या. पुढे कितीतरी वर्षे या फजितीचा दोष मी बाजारावर ढकलत होतो.

माझी भाची रियुनियन बेटावरच्या विद्यापीठात संशोधन करते. तिने एकदा फोनवर सहज म्हटले, "मामा, इथे ज्या दगडावर व्हॅनिला होते त्या दगडावर तुम्ही गवतसुद्धा लावणार नाही. एकदा येऊन बघाच." व्हॅनिला पिकवणाऱ्या एका वृद्ध जोडप्याकडे तिने माझी राहण्याची सोय केली आणि ऑक्टोबर महिन्यात मी तीन आठवड्यांसाठी तिकडे गेलो. महिना तिने विचारपूर्वक निवडला होता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या या बेटावर सप्टेंबरपासून फुलांचा हंगाम सुरू होतो आणि जूनपासून चाललेली शेंगांची तोडणी त्याच सुमारास आटोपत आलेली असते. त्यामुळे एकाच भेटीत पिकाची सुरुवात आणि शेवट दोन्ही पाहता येतात.

मादागास्करच्या पूर्वेला सुमारे सातशे किलोमीटरवर हिंदी महासागरात असलेले रियुनियन हा फ्रान्सचा प्रांत आहे. त्याचे क्षेत्रफळ २,५१२ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्यालाही थोडे कमी. पण एवढ्याशा जागेत मध्यावरचे पितों दे नेज हे शिखर ३,०७० मीटरपर्यंत चढते. तो ज्वालामुखी हजारो वर्षांपासून निजलेला आहे. आग्नेयेकडचा २,६३२ मीटर उंचीचा पितों द ला फुर्नेझ मात्र जगातल्या सर्वांत कार्यरत ज्वालामुखींपैकी एक आहे. वर्षभर आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे या उंच डोंगरांवर आदळतात, त्यामुळे बेटाचे सरळसरळ दोन भाग पडतात. पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथे पिवळे पडलेले गवत दिसते, तर फुर्नेझच्या पूर्वेकडच्या उतारांवर तो १० हजार मिलिमीटरच्याही वर जातो. आंबोलीचा पाऊस पाहिलेल्या माणसाला पावसाचे अप्रूप वाटू नये, पण इथे तो आमच्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बाराही महिने पडत राहतो. हा फरक वेलीच्या दृष्टीने किती मोठा आहे, हे मला नंतर कळले.

माझे यजमान सँ-फिलीप आणि ले ट्रांब्ले यांच्या दरम्यान राहत होते. मादाम सत्तरीच्या होत्या. त्या 'मलबार' समाजातल्या होत्या. उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आणलेल्या भारतीयांच्या वंशजांना तिथे याच नावाने ओळखतात, जरी त्यांतले बहुतेक तमिळ मुलखातून आलेले असले आणि मलबारशी त्यांचा संबंध नसला तरी. १८४८ साली गुलामगिरी संपली, मुक्त झालेल्या माणसांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि मग मळेवाल्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. मादामचे पणजोबा त्या काळात आलेले. त्यांना तमिळ येत नव्हते, मला फ्रेंच येत नव्हते, आणि भाची शनिवार-रविवारीच यायची. उरलेले पाच दिवस आमचा संवाद हातवारे आणि स्वयंपाकघर यांवर चालला.

पहिल्या दिवशी बाग पाहून मी खरे तर खट्टू झालो. ती बाग वाटतच नव्हती. सुरूची आणि वकोआची, म्हणजे आपल्या केवड्याच्या जातीतली झाडे, त्यांच्या बुंध्यांवरून लोंबणाऱ्या जाड, मांसल वेली आणि पायाखाली काळा, भोकाभोकांचा, चप्पल फाडेल असा दगड. माती शोधू म्हणून मी बोटाने उकरले, तर चार बोटे पातेरा आणि त्याखाली पुन्हा दगडच. हा दगड म्हणजे काही शतकांपूर्वीचा लाव्हा. वेलीची मुळे त्या दगडात शिरलेलीच नव्हती. वरच्या कुजक्या पातेऱ्यात ती जाळ्यासारखी पसरली होती. पाऊस कितीही पडला तरी पाणी दगडाच्या भोकांतून क्षणात खाली जाते आणि मुळाशी फक्त ओल उरते. मी माझ्या वाडीत काय केले होते? दोन फूट खोल खड्डे काढून त्यात शेणखत आणि माती भरली होती, आणि उन्हाळ्यात पाटाचे पाणी सोडले होते. मिरवेलीला जे चालते ते हिलाही चालेल, असा माझा हिशेब होता. मादामना मी हातवाऱ्यांनी खड्डा, खत, पाणी असे सारे सांगितले, तेव्हा त्यांनी मान एका बाजूला टाकून डोळे मिटले. वेल मेली, हे त्यांना अनुवादाशिवाय समजले होते.

त्या दगडावर बसून एक गोष्ट मनात घोळत राहिली. भूशास्त्रज्ञांचे प्रचलित मत असे आहे की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्थानावर आज रियुनियन उभे आहे, त्याच स्थानावरून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत चालला होता, आणि तेव्हा तिथून उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर साचून आपले दख्खनचे पठार आणि सह्याद्री घडले. भूखंड पुढे गेला, ते स्थान तिथेच राहिले. मागे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी त्याच्या वाटचालीची खूण उरली आणि सर्वांत शेवटी हे बेट वर आले. म्हणजे ज्या कातळाला मी लहानपणापासून ओळखतो, त्याचेच हे ताजे भावंड. आमच्याकडे मात्र तो इतका जुना झाला आहे की त्याचा जांभा झाला, माती झाली, आणि त्या मातीनेच माझ्या वेली कुजवल्या.

लग्न लावण्याचे काम दुसऱ्या दिवशी सुरू झाले. हा शब्द माझा नाही. व्हॅनिलाच्या फुलाचे हाताने परागीभवन करण्याला त्या बेटावर लग्न लावणेच म्हणतात आणि ते करणाऱ्या बायकांना 'मारियोझ', म्हणजे लग्न लावणाऱ्या. ही वेल मूळची मेक्सिकोची. ती १८२० च्या आसपास या बेटावर आली, पण तिकडचे कीटक काही तिच्याबरोबर आले नाहीत. त्यामुळे वेल माजायची, फुले यायची आणि गळून जायची. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, पुन्हा उघडत नाही. एका घोसात पंधरा-वीस कळ्या असतात, पण रोज एखाददुसरीच उमलते, म्हणून हंगामभर रोज सकाळी प्रत्येक वेलीपाशी जावेच लागते. मी माझ्या वाडीत शिंपणे, गुरे, न्याहारी सगळे आटोपून साडेअकराला हे काम करायला जात असे. मुहूर्त टळून गेल्यावर भटजी पोचावा, तसा तो प्रकार होता.

मादामच्या हातात लिंबाच्या झाडाचा एक काटा असायचा. फिकट हिरवट-पिवळे फूल डाव्या हाताच्या बोटांवर हलके टेकवायचे, काट्याने त्याची नळीसारखी पाकळी उभी चिरायची, की आत एक छोटा स्तंभ दिसतो. त्याच्या वरच्या टोकाला पराग असतात, खाली स्त्रीकेसराचा चिकट भाग असतो, आणि दोघांच्या मध्ये जिभेसारखा एक पातळ पडदा आडवा येतो. तो आमच्या लग्नातला अंतरपाटच म्हणायचा. काट्याच्या टोकाने तो वर उचलायचा आणि त्याच क्षणी अंगठ्याने परागांचा भाग खाली दाबून चिकट भागाला टेकवायचा. बस्स. मादामना या सगळ्याला चार-पाच सेकंद लागत. सराईत बाई एका सकाळी हजाराच्या वर फुले उरकते, असे मला सांगण्यात आले आणि त्यांचा हात पाहिल्यावर त्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

मला पहिल्या फुलाला दोन मिनिटे लागली आणि ते फाटले. दुसऱ्याचा पडदा उचलण्याऐवजी मी तोडला. तिसऱ्यात सर्व नीट झाले असे वाटले, पण मादामनी डोकावून पाहिले आणि नुसते "नों" म्हटले. पराग माझ्या अंगठ्यालाच चिकटून आले होते. पहिल्या सकाळी मी एकोणीस फुले हाताळली. लग्न लागले की नाही याचा निकाल दोन दिवसांत मिळतो: फूल सुकूनही टोकाला चिकटून राहिले तर शेंग धरली, गळून पडले तर नाही. माझ्या एकोणीसपैकी चार टिकली होती. मादामनी त्या चारांवरून बोट फिरवले आणि मोठ्याने हसल्या. दुसऱ्या आठवड्यात माझी निम्मी फुले टिकू लागली आणि तिसऱ्यात मी सकाळी शंभरापर्यंत पोचलो, तेही पाठ धरल्यावर. एका घोसात आठ-दहा फुलेच फळवायची आणि बाकीची तशीच सोडायची हेही तिथेच शिकलो. जास्त हाव केली तर शेंगा आखूड राहतात आणि वेल दमते. वेल आधी वर चढू देऊन मग तिचे वळसे खाली सोडायचे, हंगामापूर्वी शेंडा खुडायचा, म्हणजे फुले धरतात आणि तीही हाताच्या उंचीवर. माझ्या वेली पोफळींच्या शेंड्याकडे निघाल्या होत्या आणि मी खाली उभा राहून त्यांच्या उंचीचे कौतुक करत होतो.

हे तंत्र ज्याने शोधले त्याचे नाव मी तिथे जाण्यापूर्वी ऐकले नव्हते. १८४१ साली सँत-सुझानच्या एका मळ्यावर एडमंड नावाचा बारा वर्षांचा गुलाम मुलगा होता. मळ्याच्या मालकाकडे वीसेक वर्षांपासून एक वांझ वेल होती. एके दिवशी तिच्यावर शेंग दिसली आणि ती आपण लावली असे त्या मुलाने सांगितले, तेव्हा मालकाचा आधी विश्वासच बसला नाही. युरोपातल्या एका शास्त्रज्ञाला हे परागीभवन १८३६ मध्ये जमले होते, पण मळ्यात रोज हजारो फुलांवर करता येईल अशी रीत या मुलाने दिली. आजूबाजूच्या मळ्यांवर ते शिकवण्यासाठी त्याला गाडीतून फिरवले जाई. पुढे एका नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या शोधाचे श्रेय स्वतःकडे घेण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी मालकाने मुलाची बाजू घेतली, हे नमूद करायला हवे. १८४८ मध्ये मुक्त झाल्यावर त्याला अल्बियस हे आडनाव मिळाले. शतकाच्या अखेरीला बेटावरून वर्षाला सुमारे दोनशे टन व्हॅनिला निघत होती आणि त्याची रीत मादागास्करपर्यंत पोचली होती. तो स्वतः मात्र १८८० मध्ये गरिबीत मेला. मादाम त्याचे नाव घेताना नेहमी नुसते 'एडमंड' म्हणत, घरातल्या मुलाविषयी बोलावे तसे.

दुपारी जेवताना मला भाषेची गंमत कळू लागली. भाताबरोबर रोज 'कारी' असे, ताटात 'रुगाय' नावाची टोमॅटो-मिरचीची तिखट चटणी असे, लोणच्याला 'आशार' म्हणत, आणि अंगणातून तोडून आणलेल्या कढीपत्त्याला 'कालुपिले'. तमिळ करिवेप्पिलैचा हा अवतार ओळखायला मला दोन दिवस लागले. 'मसाले' ओळखायला दोन क्षणही लागले नाहीत. शेवग्याच्या पाल्याला 'ब्रेद मुरुंग' म्हणतात आणि तो आपल्यासारखाच लसूण घालून परततात. मी जेव्हा 'शेवगा' म्हणून दाखवले, तेव्हा मादामनी तो शब्द तीनदा घोळवून पाहिला आणि सोडून दिला. त्यांच्या देवघरात मारियाम्मनची तसबीर होती आणि शेजारी येशूची. रविवारी सकाळी त्या चर्चला जात आणि तमिळ देवळातल्या अग्निचालनाच्या सोहळ्यासाठी त्यांचा मुलगा उपासही धरत असे. मी यात काही विसंगती शोधायला जाणार होतो, पण पीर आणि देवी या दोघांना नवस बोलणाऱ्या गावातून आलेल्या माणसाने तसे करण्यात अर्थ नव्हता.

शेंगांचे काम घराच्या मागच्या पडवीत चाले. वेलीवरून उतरवलेली हिरवी शेंग नाकाला लावली तर तिला पावट्याच्या शेंगेपेक्षा जास्त वास येत नाही. सारा सुगंध पुढच्या संस्कारांत जन्मतो. वेताच्या करंडीत शेंगा भरून ती सुमारे ६५ अंश तापलेल्या पाण्यात तीन मिनिटे बुडवायची. यजमान एका हातात तापमापक आणि दुसऱ्यात घड्याळ धरून उभे असत आणि त्या तीन मिनिटांत घरातले कोणीही त्यांच्याशी बोलत नसे. पाणी जास्त तापले तर शेंग शिजते, कमी तापले तर ती फाटते किंवा बुरसते. लगेच त्या गरम शेंगा लोकरीच्या घोंगड्यांत गुंडाळून लाकडी पेटीत दाबायच्या. रात्रभर घाम सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी पेटी उघडली की हिरव्याच्या जागी चॉकलेटी शेंगा निघतात. पेटी उघडताना आधी वास बाहेर येतो. तो व्हॅनिलाचा नसून मनुका, ओले लाकूड आणि तंबाखू यांच्या मधला काहीतरी असतो. त्यानंतर आठवडाभर रोज काही तास ऊन, दुपारनंतर पुन्हा घोंगडी. पुढे दोन-तीन महिने सावलीत फळ्यांवर वाळवण. आणि शेवटी मेणकागद लावलेल्या लाकडी पेट्यांत आणखी कित्येक महिने. या काळात पेटी अधूनमधून उघडून प्रत्येक शेंग हाताळली जाते, बोटांत फिरवून सरळ केली जाते आणि बुरशीची एक शेंग दिसली तरी ती बाजूला काढली जाते. सुमारे सहा किलो हिरव्या शेंगांची शेवटी एक किलो होते. मी माझ्या मूठभर शेंगा एका व्यापाऱ्याला हिरव्याच विकल्या होत्या आणि त्याने कमी पैसे दिले म्हणून त्याला नावे ठेवली होती.

शेवटच्या रविवारी भाचीने मला गाडीतून ग्राँ ब्रुले ओलांडून नेले. फुर्नेझचा लाव्हा उतरतो तो बहुधा याच निर्मनुष्य उतारावरून. त्यातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला प्रत्येक प्रवाहाच्या वर्षाची पाटी आहे, त्यामुळे आपण गावांऐवजी साले मागे टाकत जातो. जुन्या प्रवाहांवर जंगल उभे राहिले आहे. २००७ च्या प्रवाहावर राखाडी दगडफूल पसरले आहे, फटींतून नेचे डोकावतात, इतकेच. त्या वर्षी एप्रिलमध्ये लाव्हा ले ट्रांब्लेच्या बाजूने समुद्रात उतरला, रस्ता गाडला गेला, बेटाला नवी जमीन मिळाली आणि वर शिखरावरचे विवर तीनशे मीटरहून अधिक खोल खचले. सँत-रोझजवळच्या गावातले चर्च तर प्रसिद्धच आहे: १९७७ मध्ये लाव्हा घरे गिळत आला आणि चर्चच्या दाराशी येऊन दोन्ही अंगांनी वळला. याच किनाऱ्यावर निळी छत्री धरलेली कुमारी मेरीही आहे, आणि ज्वालामुखीपासून राखण कर म्हणून लोक तिला फुले वाहतात. मादामना मी विचारले होते की भीती वाटत नाही का. त्यांचे उत्तर भाचीने मला मराठीत सांगितले: वादळाची वाटते, ते दरवर्षी वेली आडव्या करू शकते, डोंगराची नाही, तो निदान हळू चालतो. उद्रेक झाल्याची बातमी आली की सगळे बेट रात्री जेवणाचे डबे घेऊन तो पाहायला निघते, हेही त्यांनी वर जोडले.

निघायच्या आदल्या दिवशी मादामनी मला बुचात टोचलेल्या टाचण्यांचा एक ठसा दाखवला. शेंगा हिरव्या असतानाच त्यांच्यावर या टाचण्यांनी मळ्याची खूण टोचतात. वाळल्यावरही तो व्रण राहतो आणि चोरीचा माल ओळखता येतो. मी लग्न लावलेल्या घोसांना त्यांनी केवड्याच्या पातीची एकेक गाठ बांधून ठेवली आणि या शेंगांवर वेगळी खूण टोचू, असे भाचीकरवी सांगितले. रोप किंवा वेलीचा तुकडा आणणे नियमात बसत नव्हते, म्हणून मी फक्त लिंबाचा तो काटा मागितला. त्यांना ते फार विनोदी वाटले असावे, कारण लिंबाचे झाड माझ्याकडेही असणारच, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

पुढच्या जुलैत भाचीचा निरोप आला: गाठी बांधलेल्या घोसांवरून एकशे चौदा शेंगा उतरल्या, त्यांतल्या नऊ फाटल्या, बाकीच्या घोंगडीत गेल्या. मी त्या पावसाळ्यात आमच्या गडग्याच्या कडेला, जिथे जांभ्याचा उघडा कातळ आहे आणि जिथे आजवर काही लावण्याचा विचार कोणी केला नव्हता, तिथे पातेऱ्याचे ढीग रचले आणि पांगाऱ्याच्या सहा खुंटांवर सहा वेली सोडल्या. खड्डा काढलेला नाही. दोन वेलींनी वळसा घेण्याइतकी उंची गाठली आहे.